हॉटेलवाल्याला ग्रीक पेले हवेत: काळा रंग कसा येतो, आणि हे उथळ परळ धरून पितात तरी कसं?

चाकावरचा (डिचोली)

नमस्कार मंडळी. आमचं घर कुंभाराचं. आबा, म्हणजे माझे वडील, अजून रोज चाकावर बसतात. मी दिवसा कारखान्यात आणि संध्याकाळी त्यांच्या हाताखाली. वर्षाचं काम ठरलेलं: उन्हाळ्यात माठ, पावसात चवथीचे गणपती, दिवाळीला पणत्या, आणि मधूनमधून घुमट या वाद्याची मडकी.

गेल्या महिन्यात किनाऱ्यावरच्या एका हॉटेलचा मालक आला. मोबाइलवर चित्रं दाखवली. पसरट पेला, खाली बारीक पाय, दोन्ही बाजूंना आडवे कान, वर तांबड्या मातीवर चकचकीत काळी चित्रं. "असले तीस पाहिजेत, पावसाच्या आधी." मी म्हटलं, देतो. आमचा परळच तर आहे, त्याला पाय लावला आणि कान जोडले की झालं. तोंडातून शब्द गेला आणि फसलो.

सहा पेले केले. चार कान सुकतानाच निखळले. ती चूक माझीच, घाई केली. वाटी जास्त सुकल्यावर कान लावले. त्यावर कृपया कोणी सल्ला देऊ नका, आबांनी दिलाय, पोटभर दिलाय. अडलंय ते काळ्या रंगाशी. आधी दिव्याची काजळी मातीत कालवून चित्र काढलं. भाजल्यावर काजळी जळून गेली, पेला कोरा. मग लाकडाच्या भुशात कोंडून भाजलं. सगळा पेला काळा झाला. काळ्यावर काळं, चित्र कुठं गेलं ते देवाला माहीत. मालकाला फोन केला तर म्हणतो, "काळा ऑइल पेंट मारून द्या, कोण बघतोय?" पुढच्या खेपेला तो आला तेव्हा आबांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही, यावरून काय ते समजा.

शिवाय मला या भांड्याचा आकारच पटत नाही. एक वीतभर रुंद, चार बोटं खोल. पाणी भरून उचललं तर निम्मं सदऱ्यावर. शहाणा कुंभार पिण्यासाठी असलं भांडं कशाला करेल?

आणि एक घरचा प्रश्न. काही पेल्यांवर बाहेरून दोन मोठे डोळे आहेत, मालकाला तेच जास्त आवडलेत. आमच्या घरात डोळे फक्त गणपतीला काढतात. तेसुद्धा आबाच काढतात, आंघोळ करून, कोणाशी न बोलता. दारूच्या पेल्यावर डोळे काढायचे म्हणजे त्यांना सांगू कसं? ते डोळे कुठल्या देवाचे आहेत का? जाणकारांनी सांगावं.

म्हापशाचा_मास्तर

निवृत्त आहे, इतिहास शिकवायचो, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

तुमच्या पेल्याचं नाव किलिक्स. तो उथळ का, हे बसून कळणार नाही, आडवं व्हावं लागेल. जुन्या काळी ग्रीसच्या अथेन्समधले पुरुष संध्याकाळी जेवण उरकल्यावर पिण्यासाठी जमत, त्या बैठकीला सिंपोजियन म्हणत. आज विद्वान ज्याला सिंपोजियम म्हणून चहा-बिस्किटं खातात तो शब्द तिथला. शब्दाचा अर्थ निव्वळ 'एकत्र पिणं'. घरात त्यासाठी वेगळी खोली असे, भिंतीला लागून सात किंवा अकरा बाजा. दार मुद्दाम मध्यावर नसे, एका अंगाला सरकवलेलं, म्हणजे बाजा नीट बसतात. त्यावर डाव्या कोपरावर रेलून पडायचं, उजवा हात मोकळा. घरच्या बायकांना तिथं मज्जाव. बासरीसारखं जोडवाद्य वाजवणाऱ्या आणि मन रिझवणाऱ्या बायका मात्र पैसे देऊन आणत.

काल मी प्रयोग केला. आमच्या सोप्यावर डाव्या कुशीवर पडलो आणि सौ.च्या नकळत एका पसरट वाडग्यात सोलकढी घेतली. आधी उंच पेला घेऊन पाहिला होता. आडवं पडून उंच पेल्यातून प्यायचं तर मान मागं टाकावी लागते, नाहीतर शेवटचा घोट तळाशीच राहतो. पसरट वाडगं मात्र छातीच्या उंचीवरून नुसतं कलवलं की कड आपोआप ओठाला येते. पहिल्या खेपेला बनियन गुलाबी झाला हे कबूल करतो. तिसऱ्या खेपेला थेंब सांडला नाही. तेव्हा, भांड्यात खोट नाही दादा, आपण बसतोय सरळ.

आणि त्यात निखालस दारू नसायची. मधोमध एक मोठं भांडं ठेवत, क्रेटर. ज्वालामुखीच्या तोंडाला आपण क्रेटर म्हणतो ते त्याच्यावरूनच. त्यात द्राक्षाची दारू आणि पाणी मिसळायचं. हेसिओड हा जुना कवी तीन भाग पाणी आणि एक भाग दारू सांगतो. दुसरा कवी अॅनाक्रिऑन दहा पळ्या पाण्याला पाच पळ्या दारू घालतो, म्हणजे तो जरा रंगेल. प्रमाण त्या रात्रीचा म्होरक्या ठरवी आणि बाकीच्यांनी ते मानायचं. पाणी न घालता पिणं हे रानटीपणाचं लक्षण. हेरोडोटस या ग्रीक इतिहासकारानं लिहून ठेवलंय की स्पार्टाचा राजा क्लिओमेनिस वेडा झाला तेव्हा त्याच्याच लोकांनी कारण सांगितलं: सिथियन या उत्तरेकडच्या भटक्या लोकांच्या नादानं हा कोरी प्यायला शिकला. पुढं स्पार्टात कोणाला कडक हवी असली की 'सिथियन पद्धतीनं ओत' म्हणत.

डोळ्यांचं सांगतो. ते कुठल्या देवाचे नाहीत. पेला तोंडाला लावून तिरपा केला की समोरच्याला पिणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. दिसतात दोन वटारलेले डोळे, दोन्हीकडे कान आणि पेल्याच्या बुडाचं गोल तोंड. एक मुखवटाच. नजर लागू नये म्हणून काढत असंही काहीजण म्हणतात, पण मला मुखवट्याची गंमत जास्त पटते. आपल्याकडे भांड्याच्या मुठीला कान म्हणतात ना, ग्रीकही कानच म्हणत.

सांगेची_लेक

दादा, मी मातीच्या भांड्यांच्या डागडुजीचं काम करते, सध्या परदेशात. तुमच्या काजळीचं वाचून हसू आलं, कारण शंभरेक वर्षांपूर्वीपर्यंत मोठमोठे लोकही हेच शोधत होते की हा काळा 'रंग' कशाचा. तो रंगच नाही. तीच माती आहे.

अथेन्सच्या मातीत लोह भरपूर. आपल्या गोव्याच्या मातीतही आहे, जांभा त्यामुळेच लाल. ती माती भरपूर पाण्यात कालवायची आणि तशीच ठेवायची. जाड कण तळाशी बसतात. वर जे गढूळ पाणी तरंगत राहतं त्यात सगळ्यात बारीक कण असतात. ते पाणी हलक्या हातानं काढून घ्यायचं, पुन्हा ठेवायचं, पुन्हा काढायचं, आणि शेवटी आटवून सायीसारखं करायचं. या सायीनं चित्र काढायचं. काढताना ती जवळजवळ पेल्याच्याच रंगाची दिसते, म्हणजे चित्रकार निम्मा आंधळाच काम करायचा.

खरी करामत भट्टीत. एकाच भाजणीत तीन टप्पे. आधी हवा मोकळी, भट्टी ८०० अंशांपर्यंत, सगळं लाल. मग हवेची भोकं बंद, आत ओलं लाकूड किंवा हिरवा पाला टाकायचा आणि ९०० च्या वर न्यायचं. आत कोंडलेला धूर मातीतल्या लोहाचा ऑक्सिजन ओढून घेतो, लाल लोह काळं होतं. पेला आणि चित्र दोन्ही काळं. तुमचा दुसरा पेला इथंच थांबला, तोही नुसत्या धुराच्या काळेपणावर, कारण भुशाच्या आगीला एवढी धग नसते. तिसऱ्या टप्प्यात भोकं पुन्हा उघडायची. पेल्याची माती सच्छिद्र, हवा आत शिरते, ती परत लाल होते. सायीचे बारीक कण मात्र तोवर वितळून एकमेकांना चिकटलेले असतात, काचेसारखा थर झालेला असतो. हवा आत जाऊ शकत नाही. ते काळं राहतं.

हे कोडं १९४२ साली थिओडोर शुमान नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञानं सोडवलं. त्याआधी ही रीत शतकानुशतकं विसरली गेली होती.

धग मोजायला यंत्र नसेल तर अथेन्सवाल्यांचीच युक्ती वापरा. फुटक्या भांड्याच्या तुकड्याला भोक पाडून त्यावर सायीचे पट्टे ओढायचे आणि ते तुकडे भट्टीच्या झरोक्याजवळ ठेवायचे. मधूनमधून लोखंडी आकड्यानं एकेक बाहेर काढून बघायचा. अथेन्सच्या कुंभारवाड्यात असे तुकडे खोदकामात सापडलेत. त्या वस्तीचं नाव केरामेइकोस, सिरॅमिक शब्द त्याच मुळाचा.

भट्टीवाला_सत्तरी

तीन भाग पाणी आणि एक भाग दारू? आमच्याकडे असं प्यायला दिलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दारूभट्टीवर. हुर्राकात, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूत, लिंबू, मीठ, सोडा आणि चिरलेली मिरची, इथपर्यंत ठीक. पण चूक काढत नाही, द्राक्षाच्या दारूला पाणी घालून रात्रभर गप्पा मारायच्या असतील तर बरोबरच आहे.

मास्तर, तो उरलेली दारू उडवायचा खेळ सांगितला नाही तुम्ही! मी कुठंतरी वाचलाय.

मडगावकर_मी

दारूचं एवढं कौतुक कशाला? यानं संसार मोडतात. मातीवर बोला.

म्हापशाचा_मास्तर

मडगावकर, कौतुक ग्रीकांनीही केलं नाही. युबुलस नावाच्या नाटककाराचा एक उतारा टिकून आहे, त्यात दारूचा देवच सांगतो की शहाण्यानं तीन क्रेटर प्यावेत: पहिला तब्येतीसाठी, दुसरा प्रेमासाठी, तिसरा झोपेसाठी, आणि मग घरी जावं. चौथ्यापासून पुढं शिवीगाळ, आरडाओरडा, काळेनिळे डोळे, कज्जे, दहाव्याला वेड. जर्मनीत वुर्त्सबुर्गला एक पेला आहे, ब्रिगोस चित्रकाराचा, पंचवीसशे वर्षांपूर्वीचा. आतल्या गोलात तरुण वाकून ओकतोय आणि एक मुलगी त्याचं डोकं धरून उभी. चित्र पेल्याच्या तळाला. म्हणजे पेला रिकामा झाला की मगच ते प्रकट होणार. एवढा स्पष्ट इशारा आपल्या बाटल्यांवरच्या सूचनेतही नाही.

भट्टीवाले, खेळाचं नाव कोटाबोस. मूळचा सिसिलीचा. पेल्यात तळाशी गाळ उरतो. उजव्या हाताचं बोट पेल्याच्या आडव्या कानात अडकवायचं आणि मनगटाच्या झटक्यानं तो गाळ लांबच्या निशाणावर उडवायचा. उंच दांड्यावर एक हलकी तबकडी नुसती टेकवलेली असते. ती नेमकी लागून खाली पडली आणि मधल्या थाळीवर आदळून खणखणली की जिंकलात. उडवताना प्रिय माणसाचं नाव घ्यायचं. दहाएक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात थ्रीडी प्रिंटरवर पेले काढून विद्यार्थ्यांनी हा खेळ खेळून पाहिला. हात थोडा वर नेऊन, चेंडू फेकतो तसं उडवलं तर नेम बसतो म्हणे. भिंती मात्र द्राक्षाच्या रसानं रंगल्या असतील.

चाकावरचा

थांबा थांबा. म्हणजे कान आडवा आणि किंचित वर वळलेला का, ते आत्ता कळलं. मी तो कपाच्या मुठीसारखा धरायचा समजून चार बोटं मावतील एवढा केला होता. तो एका बोटाचा आहे! म्हणूनच माझे कान जड झाले आणि निखळले. (घाईही केली, ते आहेच.)

सांगेच्या ताई, माती पाण्यात दोन दिवस ठेवली पण वरचं पाणी नितळ होतं, सगळंच तळाला बसतं. काय चुकतंय?

सांगेची_लेक

पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा घाला. त्यानं बारीक कण एकमेकांना धरत नाहीत, सुटे तरंगत राहतात. विहिरीचं पाणी जड असेल तर पावसाचं किंवा गाळलेलं घ्या. पूर्वी चुलीच्या राखेचं पाणी वापरत असावेत असं मानतात. आणि चिकण माती एकाच शेतातली घेऊ नका, दोन-तीन जागची करून बघा. साय नखाला लावली की डाग गुळगुळीत वाटायला हवा, जराही खरखर नको.

चाकावरचा

(अठरा दिवसांनी)

मंडळी, हकिकत सांगतो. मयेच्या बाजूची एक आणि आमच्या मागच्या शेतातली एक अशा दोन माती घेतल्या. सोडा घातला. मागच्या शेतातली पाचव्या दिवशीही गढूळ होती, तीच निवडली. बादलीभर मातीतून साय निघाली जेमतेम दोन वाट्या. आबा रोज येऊन बोट बुडवायचे आणि काही न बोलता जायचे. सहाव्या दिवशी म्हणाले, "ही लोणी झालीय."

जुन्या घुमटाच्या मडक्याचे सहा तुकडे करून भोकं पाडली. विहिरीत बादली पडली की काढायला जो आकडा असतो, तो घेतला. भट्टी विटांची, झाकणाची, चार वर्षांपूर्वी बांधलेली. पहाटे चारला पेटवली. दुपारी पहिला तुकडा काढला: सगळा लाल, पट्टाही लाल. मग भोकं लिंपली, हिरवा काजूचा पाला आणि नारळाची ओली सोडणं आत टाकली. एवढा धूर झाला की शेजारचे बादली घेऊन धावत आले. दुसरा आणि तिसरा तुकडा काळा ठिक्कर. आबा म्हणाले, "गेलं परत." मीही मनातून खचलो होतो. तरी भोकं उघडली आणि वाट पाहिली. चौथा तुकडा आकड्यावर बाहेर आला तेव्हा तो निखाऱ्यासारखाच होता, काही दिसेना. राखेवर टेकवला. तो थंड होत गेला तशी माती लाल होत गेली, आणि पट्टा तसाच. काळा. घासलेल्या करवंटीसारखा चमकणारा. आबांनी तो तुकडा पुरता निवायच्या आधीच उचलला आणि बोट भाजून घेतलं.

सहा पेल्यांपैकी दोन पाहिजे तसे झाले. दोन आगीच्या बाजूला तपकिरी. एकावर दुसरा पेला टेकला होता तिथं काळ्यात लाल गोल डाग राहिला. एकाचा पाय वाकडा, ते माझ्या हाताचं.

मालक आला. चांगला पेला बघून खूश, पण "तीसही असेच एकसारखे हवेत" म्हणाला. आबा म्हणाले, एकसारखे हवे तर कारखान्यात जा. शेवटी बारांवर सौदा झाला, पैसे वाढवून. एकाच्या बुडाला मी आमचं नाव कोरलंय, म्हटलं ग्रीक कुंभार कोरत की नाही ठाऊक नाही, पण आम्ही कोरणार.

सांगेची_लेक

कोरत की! रंगवत म्हणा हवं तर. 'अमक्यानं केलं' आणि 'अमक्यानं चितारलं' असं वेगवेगळं लिहीत. एक्सेकिआस दोन्ही करायचा. त्याचा म्युनिकमधला पेला बघा: आत दारूचा देव डायोनिसस नावेत पडलाय, डोलकाठीवरून द्राक्षाची वेल चढलीय, भोवती डॉल्फिन, आणि बाहेरून डोळे. पायाच्या कडेला 'एक्सेकिआसनं केलं'. युथिमिडिस या चित्रकारानं तर एका भांड्यावर लिहून ठेवलं की असं युफ्रोनिऑसला कधी जमलं नाही. बरोबरीच्या चित्रकाराला टोमणा, पंचवीसशे वर्षं टिकलेला.

आणि तो लाल गोल डाग पुसायच्या भानगडीत पडू नका. संग्रहालयातल्या कित्येक पेल्यांवर तो आहे. भट्टीत एकावर एक रचले की असंच होतं. तपकिरी झालेलेही फेकू नका. फ्लोरेन्समधला प्रसिद्ध फ्रान्स्वा क्रेटर १९०० साली चिडलेल्या पहारेकऱ्यानं स्टूल फेकून फोडला, ६३८ तुकडे झाले, तेही गोळा करून पुन्हा जोडला.

भट्टीवाला_सत्तरी

डोळ्यांचं काय झालं ते सांगा आधी. काढले का? आणि तो डागवाला पेला विकायचा असेल तर मला हवा.

चाकावरचा

डागवाला आबांनी ठेवून घेतला, त्यात ते विड्या ठेवतात. तपकिरीतला एक देतो, डिचोलीला आलात तर घेऊन जा. त्यात पाणी घालून कोटाबोस खेळून पाहिलाय. काठीवर पत्र्याच्या डब्याचं झाकण ठेवलं, धाकट्यानं सातव्या फटक्यात पाडलं, मी अजून नाही.

डोळ्यांचं: मास्तरांचा प्रतिसाद आबांना वाचून दाखवला, मुखवट्याचाही. ते ऐकून घेत होते, पटत नव्हतं. मग मी मोबाइलवर चित्र मोठं करून दाखवलं. बुबुळाची वर्तुळं एकात एक अगदी गोल, आणि नेमकी मधोमध टोचल्यासारखी बारीक खूण. आबांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, कंपास टेकवलाय वाटतं, त्यानं फिरवून काढलेत. आबा हसायला लागले. म्हणाले, "कंपासनं काढलेत होय? मग ते डोळे नव्हेत, नक्षी आहे. काढ तू. पण माझा ब्रश घेऊ नको."

धाकट्याच्या दप्तरातला कंपास घेतलाय. पेन्सिल काढून तिथं बारीक ब्रश बांधायला दोरा पुरत नाही, घसरतो. कोणाला काही सुचतंय?